वाळू अरबाबची, माती आपाची

आपा, काल तुझ्या बागेतली शेवटची मेथी मी उपटली. अगदी मुळांसकट. तू बघितलं असतंस तर हातातलं खुरपं माझ्या पाठीत घातलं असतंस. मेथी कापायची असते, म्हणजे खाली राहिलेल्या बुडख्यांना पुन्हा फुटवा येतो, हे तू मला निदान पन्नास वेळा सांगितलं आहेस. पण फुटव्याची वाट बघायला वेळ कुठे होता? महिनाअखेर घराची किल्ली द्यायची आहे.

आणि इकडे सगळी दुबई आत्ता पेरायला लागली आहे. वरसानच्या नर्सरीत मी रिकामी पोती मागायला गेलो, तर गाडी लावायला जागा नव्हती. बायका, पोरं, सुटाबुटातले साहेब, सगळे ट्रॉल्या भरभरून रोपं नेत होते. दुकानदाराने विचारलं, क्या लगाना है. मी म्हटलं, लगाना नहीं, निकालना है. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि चुलत्याच्या मायेनं समजावलं की भाईसाब, निकालने का टाइम मई में आता है. मी मान डोलावली. हे मला तुझ्याकडून पाठ होतं. या मुलखात बागेचं वर्ष उलटं असतं, ऊन संपलं की सुरू होतं आणि ऊन तापलं की मोडतं. नोव्हेंबरात बाग मोडणारा अख्ख्या शहरात बहुधा मी एकटाच असेन.

आपलं भांडण आठवतं ना? बावीस वर्षं चाललं ते, आणि अजून मिटलेलं नाही. माझं म्हणणं साधं होतं. भाड्याच्या घरात माणसाने भिंतीला खिळा मारतानासुद्धा विचार करावा, आणि तू अंगणभर राबत होतीस. राशिदियातला हा जुना बैठा व्हिला अरबाबचा, म्हणजे आपल्या घरमालकाचा. अंगण त्याचं, वाळू त्याची. राहायचा व्हिसा आधी तुझ्या नवऱ्याच्या, दुलाभाईंच्या कंपनीचा, ते गेल्यावर तुझ्या लेकीच्या, सनाच्या कंपनीचा. मी विचारायचो, यातलं तुझं काय आहे, आपा? तू मान वर न करता म्हणायचीस, "वाळू अरबाबची. माती माझी."

"आणि ती माती आहे कुठे?"

"होईल."

त्या वेळी खरंच कुठे नव्हती. मुठीत घेतली की बोटांतून गळून जाणारी पिवळी वाळू, वरून पाणी घातलं की मिठाचा पांढरा पापुद्रा. तू तिला खायला घालायला लागलीस. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बादल्यांत धरलंस. कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियातून चहाचा चोथा, करामातल्या नारळवाल्याकडून काथ्याची सोडणं, भाजीवाल्याकडून कोबीची वरची पानं. माझ्या गाडीच्या डिकीत तू ही पोती टाकायचीस आणि दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या मीटिंगला कुजक्या कोबीच्या वासासकट पोचायचो. सासरी नारळाच्या बुंध्यात मासळीची घाण पुरतात, म्हणून तू इथे वांग्यांच्या वाफ्यात बांगड्याची डोकी पुरलीस. सकाळी गल्लीतली झाडून सगळी मांजरं वाफ्यात हजर होती. शेजारच्या इजिप्शियन बाईने त्या दिवशी तुला जे सुनावलं ते तुला कळलं नाही आणि मला कळलं, पण मी सांगितलं नाही. ते आज सांगतो: ती म्हणत होती, ही बाई मांजरांसाठी शेती करते.

मी मरीनात सत्ताविसाव्या मजल्यावर राहतो. माझ्याकडे प्लास्टिकचं एक झाड आहे. तू आलीस की ओल्या फडक्याने त्याची पानं पुसायचीस आणि जाताना दारात विचारायचीस, झाडाची तब्येत कशी आहे म्हणून. मी वैतागायचो. तुझ्या वाफ्यांना मी जितकं हसलो, त्याहून जास्त तू त्या एका झाडाला हसलीस, तेव्हा आपला हिशेब सरळ आहे.

पण हसायचं तर पहिल्या वर्षाला हसायला हवं. एप्रिलमध्ये तू या घरात राहायला आलीस आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात भेंडी, पडवळ, लाल माठ सगळं पेरून मोकळी झालीस. का, तर बाबा जूनमध्ये पेरायचे. बाहेर सत्तेचाळीस डिग्री. रत्नागिरीची बाई ती, तिला कोण सांगणार? पुढच्याच शनिवारी मी आलो, तर तू डोक्यावर ओढणी घेऊन भर दुपारी पाणी घालत होतीस. बी जमिनीतच भाजून निघालं होतं. तू हट्टाने दुसऱ्यांदा पेरलंस, तेही गेलं. मग एक दिवस अरबाब दारात उभा राहिला. पांढरी दाढी, पांढरा पायघोळ कंदुरा, हातात खजुराची करंडी. बराच वेळ त्याने तुझा उद्योग बघितला आणि मुंबईशी व्यापार केलेल्या त्याच्या वडिलांकडून शिकलेल्या हिंदीत म्हणाला, "अभी नहीं. सुहैल आने दो."

सुहैल म्हणजे तारा. उन्हाळा मोडायला लागला की ऑगस्टच्या शेवटी पहाटे क्षितिजापाशी उगवतो. तो दिसला की इथली जुनी माणसं तिथून दिवस मोजायला लागतात: अमुक दिवसांनी पाणी थंड होईल, तमुक दिवसांनी पेरा. आपल्याकडे त्याच ताऱ्याला अगस्ती म्हणतात, हे मला फार नंतर कळलं. तू अरबाबचं ऐकलंस. त्या ऑगस्टमध्ये रोज फजरच्या नमाजाआधी गच्चीवर गेलीस, आणि एका पहाटे मला फोन केलास. मला वाटलं कुणी गेलं. तू म्हणालीस, "इक्बाल, सुहैल दिसला."

तेव्हापासून दर वर्षी हा फोन आला. दर वर्षी तू उत्साहाने सांगायचीस की बघ, अमुक बाजूला, अमक्या इमारतीच्या डोक्यावर, लवकर ऊठ. दर वर्षी मी 'हं' म्हणून कूस बदलली. यंदाही आला होता. यंदाही मी 'हं' म्हटलं.

त्या वर्षी डिसेंबरात तुझी पहिली भेंडी आली आणि तू अरबाबला पिशवीभर पाठवलीस. मग तो खजूर पाठवायचा आणि तू शिराळी. शिराळ्याचं काय करायचं ते त्याच्या घरात कुणाला कधी कळलं असेल असं मला वाटत नाही, पण पिशवी परत कधी आली नाही.

आता ज्याबद्दल मला बोलायचं नव्हतं ते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तू फोन केलास की शनिवारी ये, शिराळ्याचा मांडव बांधायचा आहे, वरच्या दांडीपर्यंत हात पोचत नाही. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी नक्की. तू म्हणालीस, "यल्ला, मग अर्धा मी बांधते. अर्धा तू बांध." पुढच्या शनिवारी मी आलो तो तुला न्यायला. काल मांडव सोडायला घेतला तेव्हा बघितलं, तू खरंच बरोबर अर्धा बांधून ठेवला होतास. माझ्या वाटणीच्या दांड्यांवर सुतळीचे तुकडे मापाने कापून, नुसते अडकवून ठेवले होते, मला कापायचाही त्रास नको म्हणून. तुझ्या वाटणीच्या गाठी मला सुटल्या नाहीत. बाबा गलबतावर मारायचे तसल्या गाठी. अर्धा तास नखं मोडून घेतली आणि शेवटी कात्रीने कापल्या. माझ्या सुतळ्या मात्र फुंकर मारली तरी पडत होत्या.

तुला अल क्वोजच्या कब्रस्तानात ठेवलं. आमचं गोदाम तिथेच आहे, रोज त्या भिंतीजवळून जातो. असरच्या नमाजानंतर सगळे वाकले, मीही वाकलो, माती द्यायला. आणि हातात वाळू आली. कोरडी, पिवळी, बोटांतून गळणारी. तीन मुठी होईपर्यंत अर्धी सांडली. जिने बावीस वर्षं माती केली तिला आम्ही माती द्यायला गेलो आणि दिली वाळू. माझ्या मनात त्या क्षणी एवढंच होतं, आणि मला स्वतःची लाजही वाटली की दुआ मागायच्या वेळी माणूस कसला विचार करतो.

परवा तुझा चाळिसावा झाला. तोवर घर सोडायचं आम्हाला कळलं होतं. तू गेल्यावर आठवड्याने अरबाबच्या मोठ्या मुलाचा फोन आला, की व्हिला पाडून नवीन बांधायचा आहे, नोव्हेंबरअखेर मोकळा करा. तो अदबीने बोलला, पण मी तापलो. सनाला म्हटलं, या लोकांना आठ दिवस धीर धरवला नाही. मग कागदपत्रं आवरताना सनाला स्वयंपाकघराच्या खणात, राख घालून ठेवलेल्या बियांच्या बाटल्यांखाली, नोटीस सापडली. रीतसर, एक वर्ष आधीची. खाली तुझी सही.

सनाने खालची तारीख पुन्हा वाचली. मग म्हणाली, "मामू, शी न्यू. ऑल ऑफ इट." सप्टेंबरात तू तिला म्हणाली होतीस म्हणे की पुढच्या वर्षी तुझ्याकडे अबुधाबीला येईन राहायला. तिला वाटलं, अम्मी नेहमीसारखं बोलतेय.

आपा, मला तुझा इतका राग आयुष्यात आला नव्हता. नोव्हेंबरअखेर घर जाणार हे तुला माहीत होतं, आणि तू ऑगस्टमध्ये तारा शोधलास, सप्टेंबरात वाफे केलेस, टोमॅटो लावलेस. टोमॅटो! जे जानेवारीच्या आधी लाल होत नाहीत. वांग्याला आत्ता कुठे फूल येतंय. मी बाहेर गेलो आणि त्या टोमॅटोच्या रांगेपुढे उभा राहून मोठ्याने म्हणालो की हा मूर्खपणा आहे. सना आतून म्हणाली, "मामू, जस्ट लीव्ह इट. दे विल बुलडोझ एव्हरीथिंग एनीवे." तेच मला सहन होईना. उपटायचं तर आपल्या हाताने उपटू, बुलडोझरला कशाला?

म्हणून मी फावडं घेतलं. टोमॅटो मुळांसकट निघतात का, बघावं म्हटलं, कुणाला तरी देता येतील. फावडं मारलं आणि ते सरळ आत गेलं. पुन्हा मारलं, पुन्हा गेलं. मी वाट बघत होतो खालची वाळू लागायची, खरखर आवाज यायची, आणि तो येईना. मग मी गुडघ्यावर बसलो आणि हात घातला. कोपरापर्यंत गेला. त्याच्याही वर गेला. काळी, ओली, गार माती, दुबईत, इंटरलॉकच्या फरश्यांपासून चार हातांवर.

मी खड्ड्याची एक बाजू सरळ कापली आणि बघत बसलो. अगदी तळाशी पिवळी वाळू, तीच, पहिल्या वर्षीची. तिच्यावर राखाडी, मग तपकिरी, मग काळी होत गेलेली. मध्ये मध्ये नारळाचे धागे, अंड्याची टरफलं, माशाचे काटे, एका थरात सनाच्या शाळेची पिवळी पेन्सिल. आपण जेवलो ते सगळं तिथे होतं. दुलाभाईंनी इथे चहा प्यायला त्याचा चोथा होता, प्रत्येक ईदच्या भाज्यांची सालं होती. बाहेर रस्त्यापलीकडे तीच जमीन अजून वाळू होती. इथे, एका बाईच्या हाताएवढ्या अंगणात, ती माती झाली होती. आणि तिच्यात गांडुळं होती. फावड्याच्या पात्यावरून एक निवांत वळवळत गेलं. एकदा मी तुला विचारलं होतं की वाळवंटात ही आली कुठून, तू कुणाकडून मागवलीस. तू म्हणाली होतीस, "मी कुणाला बोलावलं नाही. माती झाली, म्हणून आली." मला तेव्हा वाटलं तू टाळतेस. काल मी त्या खड्ड्याच्या काठावर बसून होतो. मी घाबरलो म्हटलं तरी चालेल. हे माझ्या डोळ्यांसमोर झालं, माझ्या डिकीतून झालं, आणि मला दिसलं नाही.

मग भानावर आलो. ही माती जाणार कुठे? चार दिवसांनी बुलडोझर येणार, सगळं खरडून ट्रकमध्ये, आणि ट्रक कुठेतरी शहराबाहेर उलटा होणार. म्हणजे आपल्या भांडणात शेवटी मीच बरोबर ठरणार. आपा, जिंकायची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. मी पोती भरायला लागलो. सनाने थोडा वेळ खिडकीतून बघितलं, मग बाहेर आली आणि पोत्याचं तोंड धरून उभी राहिली. पाच पोती झाली आणि माझी कंबर धरली. मरीनाच्या बाल्कनीत दोन कुंड्या मावतात. बाकीचं कुठे नेणार होतो, देव जाणे. तुझ्या भिशीतल्या बायकांना सनाने व्हॉट्सॲप केलं, तिघींनी एकेक पोतं मागितलं. जमीन तेवढीच्या तेवढी दिसत होती.

अशा वेळी फाटकाशी पिकअप थांबली. अरबाब उतरला. फार म्हातारा झाला आहे, एका माणसाचा हात धरून चालतो. आत आला नाही, फाटकातच उभा राहिला, स्वतःच्या घराच्या फाटकात. सलाम झाला, तुझ्यासाठी दुआ झाली. मग त्याने हळूहळू सांगितलं की अल अवीरला त्याची छोटी शेती आहे, खजुरं आहेत, मुलांना त्यात रस नाही, पण तो अजून रोज जातो. आणि मग म्हणाला, "ये घर मेरा है. ये रेत मेरा है. मिट्टी आपा का है. तुम उसका भाई. तुम बोलेगा, तो मैं ले जाएगा."

बावीस वर्षं मी जे तुला विचारत होतो त्याचा निकाल घरमालकाने लावला, आणि तोही परवानगी मागून. तू हे वाक्य त्याला कधी ऐकवलं होतंस का? मी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, नाही, पण त्यात सांगायचं काय, दिसतं ना. खरं म्हणजे त्याला आता फारसं दिसत नाही.

मी म्हटलं, सगळी घ्या. त्याच्या माणसांनी फावडी काढली. टोमॅटो आणि वांगी खालच्या मातीच्या गड्ड्यासकट उचलली, लहान मूल उचलावं तशी, आणि पिकअपमध्ये सावलीला ठेवली. उद्या आणखी दोन फेऱ्या होतील, वाळू लागेपर्यंत. हे सगळं चाललं असताना मी अरबाबला खुर्ची दिली आणि मला छळणारा प्रश्न विचारला. नोटीस हातात असताना आपाने पेरलं कशाला? तुम्ही तिला बोलला नाहीत? तो म्हणाला, बोललो ना. ऑगस्टमध्येच बोललो. "आपा बोला, मेथी तीस दिन में आता है, अरबाब." मी म्हटलं, आणि टोमॅटो? त्याने हात वर केले. टोमॅटोबद्दल तू त्यालाही काही सांगितलं नव्हतंस.

सूर्य कलला तसा तो उठला. फाटकापाशी थांबून म्हणाला की चार-पाच वर्षं झाली, त्याची नजर गेली, पहाटेचं आकाश आता नुसतं करडं दिसतं. मुलं मोबाईलवर बघून सांगतात की आज उगवला. पण मोबाईलवर बघणं म्हणजे बघणं नव्हे. म्हणून तूच त्याला फोन करायचीस, दर वर्षी, पहाटे, गच्चीवरून. त्याने तुला शिकवलं होतं, आणि आता तू बघून त्याला सांगत होतीस. हे तू मला कधी बोलली नाहीस. मला वाटायचं तो फोन फक्त मला येतो.

"अगला साल," तो म्हणाला, "कौन बताएगा?"

सनाने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडून शब्द गेला तेव्हा मलाच नवल वाटलं.

"मैं बताएगा, अरबाब. इन्शाल्ला."

त्याने माझा नंबर आपल्या माणसाकडून फोनमध्ये घालून घेतला, दोनदा वाचून घेतला, आणि गेला.

आपा, तुझ्या मातीचं एक पोतं माझ्या बाल्कनीत आलं आहे. प्लास्टिकचं झाड सनाने खाली ठेवून दिलं. मेथी पेरली आहे, ती मी कापेन, उपटणार नाही. तू जिंकलीस, आणि हे तुझ्या तोंडावर म्हणायला हवं होतं. ते राहिलं.

आता एकच अडचण आहे. ऑगस्टला नऊ महिने आहेत, आणि तो सुहैल आकाशात नेमका कुठल्या बाजूला दिसतो, हे मला माहीत नाही. तू बावीस वेळा सांगितलंस, आणि मी बावीस वेळा झोपेत 'हं' म्हटलं. आणखी एकदा सांग ना. या वेळी मी उठून बसलो आहे.